नागपूरला थांबणारा पैसा

नोकरीची बत्तीस वर्षं मी लेखा शाखेत काढली. देयक तपासायचं, तरतूद शिल्लक आहे का पाहायचं, सही करून कोषागाराकडे पाठवायचं, एवढंच काम. त्यातला एक ३१ मार्च अजून आठवतो. रात्री साडेनऊला एका ग्रामीण रुग्णालयाच्या सोनोग्राफी यंत्राचं देयक टेबलावर आलं. कागद पुरे होते. प्रशासकीय मान्यता, निविदा, यंत्र मिळाल्याची पोच, सगळं जागच्या जागी होतं. बाराच्या आत ते पास झालं नसतं तर रक्कम परत गेली असती, म्हणून अख्खी शाखा थांबली होती. पास झालं. त्या वर्षी त्या शीर्षाखालचा निधी शंभर टक्के खर्च झाला, याचं समाधान घेऊन मी घरी गेलो.

दोन वर्षांनी पुतणीच्या बाळंतपणासाठी त्याच रुग्णालयात जायची वेळ आली. यंत्र तिथे होतं, पण खोक्यातून निघालेलं नव्हतं. खोक्यावर जुन्या गाद्या रचल्या होत्या. रेडिओलॉजिस्टचं पद रिकामं होतं आणि कधी भरलं जाईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पुतणीला आम्ही नागपूरला आणलं. गाडीभाडं, खासगी तपासणी, आठ दिवसांचा खर्च भावाने गावातल्या सोसायटीचं कर्ज तसंच ठेवून भागवला.

आमच्या हिशेबात मात्र तो पैसा विदर्भातल्या आरोग्यावर खर्च झालेला होता. अनुशेषाच्या, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या तुटीच्या, तक्त्यात तेवढा आकडा कमी झाला होता. तेव्हापासून विदर्भाच्या वाट्याचा विषय निघाला की मला ते खोकं आठवतं, आणि वाटतं की आपण सत्तर वर्षं जे मागत आलो ते मिळालं तरी पुरणार नाही, कारण आपण मागताना चुकीची गोष्ट मोजतो आहोत.

मागणीचा पाया पक्का आहे, हे आधी सांगतो. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लिहून दिलं होतं की राज्याचा खर्च वेगवेगळ्या विभागांवर त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात होईल. मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष देण्याचं वचनही त्यात होतं. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) आलं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळं आणि विकासखर्चाचं समन्यायी वाटप यांची जबाबदारी राज्यपालांवर टाकता येईल, अशी त्यात सोय झाली. ती मंडळं प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं. मधल्या अडतीस वर्षांत एक अख्खी पिढी म्हातारी झाली.

अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या सत्यशोधन समितीने १९८४ साली पहिल्यांदा हा विषय भावनेतून काढून आकड्यांत बसवला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, पाणीपुरवठा यांच्या जोडीला आरोग्यही त्यात होतं. सगळ्या राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला आणि त्यातला ३९ टक्के विदर्भाचा होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीवरून पुन्हा मोजणी केली, तेव्हा एकूण आकडा १४,००६ कोटींवर गेला आणि विदर्भाचा वाटा ६,६२४ कोटी, म्हणजे ४७ टक्क्यांहून जास्त झाला. दहा वर्षांत दरी बुजायची सोडून रुंदावली होती. २००१ पासून राज्यपालांचे निर्देश येऊ लागले, पैसा वळू लागला. २०१३ साली विजय केळकर समितीने संतुलित विकासाचा मोठा अहवाल दिला. आणि ३० एप्रिल २०२० ला विकास मंडळांची मुदत संपली, ती करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत. तेव्हा कुणाचं लक्षही नव्हतं.

दांडेकरांविषयी मला अतिशय आदर आहे. त्यांच्या आधी प्रत्येक जण आपापल्या जिल्ह्याचं रडगाणं गात होता, त्यांनी सगळ्यांना एकच फूटपट्टी दिली. पण ती फूटपट्टी राज्य सरासरीची होती. जिल्हा सरासरीच्या खाली असेल तर अनुशेष, वर असेल तर नाही. रस्त्यांना हे चालतं. आरोग्याला लावलं की अडचण होते, कारण इथे सरासरीच खुजी आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करायला सांगितलं, पंधराव्या वित्त आयोगानेही तेच म्हटलं. देशातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एक असलेला आपला महाराष्ट्र मात्र वर्षानुवर्षं ५ टक्क्यांच्या आसपास रेंगाळतो. देशातल्या राज्यांच्या सरासरीहूनही हे कमी आहे. अशा राज्याच्या सरासरीला एखादा जिल्हा पोचला आणि त्याचा अनुशेष संपल्याचा शेरा मारला, तर त्या जिल्ह्यातल्या माणसाला नेमकं काय मिळालं?

शिवाय अनुशेषाचे दोन प्रकार आहेत आणि सरकारी भाषेत ते वेगळे ठेवले जातात. एक आर्थिक, दुसरा भौतिक. ठरलेली रक्कम दिली की आर्थिक अनुशेष संपतो. त्या रकमेतून कालवा वाहू लागला, खाट टाकली गेली, की भौतिक अनुशेष संपतो. अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा या जिल्ह्यांच्या सिंचनाबाबत हा फरक आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पैसे दिले गेले, शेत कोरडंच राहिलं. आरोग्यात याहून पुढची तिसरी पायरी आहे आणि तिला सरकारी भाषेत नावच नाही. खाट आहे, पण खाटेशी माणूस नाही. डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने राज्यातल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेत डॉक्टरांची २७ टक्के आणि परिचारिकांची ३५ टक्के पदं रिकामी असल्याचं नोंदवलं. ही राज्याची बेरीज झाली. पुणे-मुंबईच्या जवळचं पद आधी भरतं आणि गडचिरोलीतल्या एटापल्लीचं, मेळघाटातल्या धारणीचं शेवटी, हे समजायला लेखापरीक्षकाची गरज नाही.

इथे लोकसंख्येचा मुद्दा येतो, आणि इथेच आम्हा नागपूरकरांना स्वतःला अवघड वाटतील असे प्रश्न विचारावे लागतात.

२०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११.२४ कोटी होती, विदर्भाची २.३०. म्हणजे साडेवीस टक्के. क्षेत्रफळात मात्र विदर्भ राज्याच्या ३१ टक्क्यांहून जास्त आहे. नागपूर करारातली लोकसंख्येची अट आम्ही ढालीसारखी वापरतो. ती अट गडचिरोलीला लावून पाहा. जिल्ह्याची लोकसंख्या पावणेअकरा लाख, राज्याच्या एका टक्क्याहूनही कमी. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, राज्याच्या जवळजवळ पावणेपाच टक्के. दर चौरस किलोमीटरला ७४ माणसं. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाट भागात ३० हजार लोकांना एक आणि आदिवासी व डोंगराळ भागात २० हजारांना एक असा आहे. सवलत दिल्यासारखं वाटतं. आता हिशेब करू. राज्याच्या सरासरी घनतेला ३० हजार लोक सुमारे ८२ चौरस किलोमीटरमध्ये राहतात. गडचिरोलीत २० हजार लोक २७० चौरस किलोमीटरमध्ये पसरलेले असतात. सवलत देऊनही तिथल्या केंद्राला तिपटीहून जास्त प्रदेश सांभाळावा लागतो, आणि हा हिशेब सरळ रेघेचा आहे. मध्ये जंगल आहे, नाले आहेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क दर वर्षी तुटतो.

अशा ठिकाणी दरडोई समान पैसा देणं म्हणजे दर माणशी कमी सेवा देणं. त्याच एका परिचारिकेच्या पगारात सपाट तालुक्यात दिवसाला पाच घरं होतात, इथे दोन. रुग्णवाहिकेचं डिझेल तिप्पट लागतं. इमारतीची वाळूसुद्धा लांबून आणावी लागते. पैशाचं वाटप खर्चाच्या गरजेवर करायचं, डोक्यांच्या संख्येवर नाही, हे तत्त्व जगभरच्या वित्तीय वाटपात मान्य झालेलं आहे. आपल्याकडेही दिल्लीहून राज्यांना पैसा देताना ते वापरलं जातं.

ही दिल्लीची गोष्ट थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण तिच्यात आपल्या वागण्यातली विसंगती स्पष्ट दिसते. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना द्यायचं ठरवलं. तो राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला १५ टक्के वजन, क्षेत्रफळाला १५, जंगल व पर्यावरणाला १०, लोकसंख्या आटोक्यात ठेवल्याबद्दल १२.५, करवसुलीच्या प्रयत्नांना २.५ आणि उत्पन्नातल्या अंतराला, म्हणजे गरिबीला, ४५ टक्के वजन दिलं. या सूत्राने महाराष्ट्राला ६.३१७ टक्के मिळाले, लोकसंख्येत आपण सव्वानऊ टक्क्यांच्या वर असूनही. उत्तर प्रदेशाला १७.९३९ टक्के मिळाले. मुंबईतून यावर तक्रार होते की आम्ही कमावतो आणि दुसरे खातात. नागपुरातही ती तक्रार आवडीने बोलली जाते.

पण मुंबईची ही तक्रार जर खरी मानली, तर विदर्भाने मुंबईकडे काय म्हणून मागायचं? महाराष्ट्राचा कर मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात गोळा होतो. गरीब प्रदेशाला जास्त द्यावं हे तत्त्व बिहारच्या बाबतीत चूक आणि वाशीमच्या बाबतीत बरोबर, असं होऊ शकत नाही. मला ते दोन्हीकडे बरोबर वाटतं. मुंबईत गोळा झालेल्या करातून दरभंग्याच्या दवाखान्याला औषध जावं, आणि त्याच न्यायाने अहेरीच्या दवाखान्यालाही जावं. वित्त आयोगाचं हेच सूत्र, क्षेत्रफळ आणि जंगल आणि उत्पन्नातलं अंतर, महाराष्ट्राच्या आत जिल्ह्या-तालुक्यांना लावलं तर गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट यांचा वाटा आजच्या लोकसंख्येच्या हिशेबापेक्षा कितीतरी वाढेल. नंदुरबारचं नाव मुद्दाम घेतलं. ‘उर्वरित महाराष्ट्र’ या एका गठ्ठ्यात मुंबई आणि पुण्याबरोबर तो जिल्हाही बांधला गेला आहे, आणि त्या गठ्ठ्याच्या सरासरीत तो दिसेनासा होतो.

विदर्भाच्या गठ्ठ्यात गडचिरोलीचं तेच होतं, आणि त्याला झाकणारं शहर आमचं नागपूर आहे.

नागपुरात सार्वजनिक आरोग्याची परंपरा मोठी आहे. मेयो रुग्णालय १८६२ सालचं, मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९४७ चं. बायकांसाठी डागा आहे, शहराबाहेरच्या मिहान प्रकल्पात एम्स उभं राहिलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. सुपर स्पेशालिटी वेगळं. धंतोली आणि रामदासपेठेत तर दोन घरांआड एक खासगी दवाखाना आहे. या सगळ्याचा मला अभिमान वाटतो. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगाचा उपचार, मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण प्रत्येक जिल्ह्यात होणार नाही आणि होऊही नये. त्यासाठी एक मोठं केंद्र लागतं, आणि ते नागपूरला असणं रास्त आहे.

पण बाळंतपणासाठी, सर्पदंशासाठी, कमी वजनाच्या बाळासाठी, सिकलसेलच्या मुलाला रक्त देण्यासाठी माणसाने नागपूर गाठायचं, हे रास्त नाही. भामरागड इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधीत पावसाळ्यात साप चावलेल्या माणसाला तासाभराच्या आत लस मिळाली पाहिजे. ती गावाजवळच्या प्राथमिक केंद्रात असली तर माणूस वाचतो, नागपूरच्या सुसज्ज अतिदक्षता विभागात असून उपयोग नसतो. विदर्भाला मिळालेला आरोग्याचा पैसा नागपुरात इमारत होऊन थांबला, तर मुंबईने विदर्भाला जे केलं तेच नागपूरने गडचिरोलीला केलं. या शहरातल्या प्रत्येक नव्या मजल्याच्या उद्घाटनाला आम्ही ‘विदर्भाला न्याय’ म्हणतो. त्या न्यायाची किंमत कोरचीच्या माणसाने एसटीच्या भाड्यात मोजलेली असते.

शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांबाहेर संध्याकाळी चक्कर मारली की हा हिशेब डोळ्यांनी दिसतो. पदपथावर तीन विटांची चूल, गाठोडी, पोलिथिनखाली झोपलेली मुलं. आत एक माणूस भरती असतो आणि बाहेर चार जण मजुरी बुडवून बसलेले असतात. देशाच्या २०२१-२२ च्या आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग लोक स्वतःच्या खिशातून करतात. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, त्यामुळे सुधारणा झाली हे मान्य. पण त्या हिशेबात मजुरी बुडाल्याचे आणि बैल विकल्याचे रकाने नाहीत.

‘आता विमा आहे ना’, असं मला बरेच जण सांगतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत दुसऱ्या नावाने सुरू झाली, गडचिरोली आणि अमरावती त्यात होते. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली. दीड लाखाचं संरक्षण आता पाच लाखांचं झालं आहे आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ती लागू केली आहे. या योजनेने माणसं वाचवली आहेत, माझ्या ओळखीतलीसुद्धा. तरी प्रादेशिक वाटपाच्या अंगाने तिच्याकडे पाहा. विम्याचा पैसा रुग्णाच्या गावी जात नाही, तो रुग्णालयाच्या गावी जातो. रुग्णालयं नागपूर, पुणे, मुंबईला जास्त आहेत, म्हणून गडचिरोलीच्या कार्डावरचा पैसाही इथेच येऊन जमा होतो. जिथे रुग्णालय नाही तिथे विम्याने रुग्णालय उभं राहत नाही. साध्या तापाला, बाळंतपणाला, मधुमेहाच्या गोळीला विमा नाहीच. राज्याने आरोग्यखर्चाचा ओढा विम्याकडे वळवला की मागास जिल्ह्याकडून पुढारलेल्या शहराकडे पैसा वाहू लागतो, आणि हे कुठल्याच अनुशेषाच्या तक्त्यात दिसत नाही.

नागपूरच्या बाजूनेही एक तक्रार आहे, आणि ती खरी आहे. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांत व वऱ्हाडाची आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राजधानी गेली, माणसांची सवय गेली नाही. बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याचे रुग्ण आजही भोपाळला न जाता नागपूरला येतात. छत्तीसगडचे येतात, तेलंगणातल्या आदिलाबादचे येतात. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुलं विषारी खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली. वीसहून अधिक मुलं गेली, त्यातली बरीच याच शहरात. त्या दिवसांत इथल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी आपलं कोण आणि परकं कोण असा विचार केला नाही, आणि तसंच झालं पाहिजे. पण हा भार महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पातल्या खाटांवर पडतो आणि त्याची भरपाई करणारी कुठलीही वाट राज्याराज्यांत नाही. नागपूरची खाट मोजताना ती विदर्भाच्या माणसासाठी धरली जाते. निम्मा वॉर्ड सीमेपलीकडचा असला तर दर लाखामागे खाटांचा आकडा खोटा ठरतो. सीमेवरच्या मोठ्या रुग्णालयांना बाहेरच्या राज्यांच्या रुग्णांच्या प्रमाणात केंद्राने थेट अनुदान द्यावं, ही मागणी नागपूरने एकमुखाने करायला हवी. रुग्णाचा पत्ता केस पेपरवर असतोच. मोजणं अवघड नाही.

आता पैसा आला तरी काय होतं ते. लेखा शाखेत बसून एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा आला, त्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के, की त्याच कामासाठी राज्याच्या स्वतःच्या शीर्षाखालची तरतूद पुढच्या वर्षी हळूच कमी व्हायची. मुलाला मामाने फीचे पैसे दिले म्हणून बापाने आपले काढून घ्यावेत, तसं. एकूण खर्च जिथल्या तिथे राहतो. फरक इतकाच की नियमित पद जाऊन त्या जागी अकरा महिन्यांचं कंत्राटी पद येतं. बाराव्या वित्त आयोगाने २००५ ते २०१० या काळात आरोग्यात मागे असलेल्या सात राज्यांना ५,८८७ कोटींचं खास अनुदान दिलं होतं. सरासरीपासूनच्या अंतरातला ३० टक्के भाग भरून काढायचा, अशी ती कल्पना होती. हा पैसा राज्याच्या नेहमीच्या खर्चावर वाढीव असला पाहिजे, त्याची जागा घेणारा नको, अशी अटही घातली होती. विदर्भ-मराठवाड्याला मिळणाऱ्या पैशावर ही अट आपण का मागत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. आदिवासी उपयोजनेतून आलेल्या निधीने जर नेहमीच्या औषधांचीच खरेदी होत असेल, तर आदिवासींना जास्तीचं काहीच मिळालेलं नसतं.

औषधखरेदी हा तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. २०१७ ला खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे एकवटली, साठे संपण्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत, २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरण आणावं लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, पाठोपाठ नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांतल्या मृत्यूंचे आकडे बाहेर आले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तमिळनाडूने औषधखरेदीचं महामंडळ १९९४ साली सुरू केलं. त्यांचं गोदाम संगणकावर दिसतं, साठा घटला की मागणी निघते. तेव्हा ते राज्य आपल्यापेक्षा श्रीमंत नव्हतं. हे काम त्यांनी तीस वर्षं आधी हातात घेतलं, इतकंच.

आणखी एक साधी गोष्ट. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य सरकारने सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत केले, पण ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. मेडिकल आणि मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतात, म्हणून त्या निर्णयात ती नव्हती. विभाग कुठला हे रुग्णाला कसं कळणार? गडचिरोली जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात मोफत असलेला माणूस पुढे पाठवला जातो, आणि जिथे तो सर्वांत जास्त आजारी असतो तिथे त्याला पावती फाडावी लागते.

मोठ्या खर्चाचं आकर्षण किती घातक असतं ते ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याने पाहिलं. जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. कक्ष होता, यंत्रं होती. आग लागू नये म्हणून करायची खर्चाची कामं लहान असतात. लहान खर्चाचं उद्घाटन होत नाही, म्हणून तो मागे राहतो.

उलट, लहान खर्चाने काय होतं हे याच विदर्भाने देशाला दाखवलं आहे. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३९ गावांमधले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. पुढे ही पद्धत देशाने आशा सेविकांमार्फत स्वीकारली. तसंच माहेरघर. आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्राजवळ एक खोली, तिथे गरोदर बाईने आठवडाभर आधी येऊन राहायचं, तिला जेवण, बुडालेल्या मजुरीचा थोडा मोबदला. पर्लकोटेला पूर आला तरी ती नदीच्या अलीकडे, डॉक्टरजवळ असते. या खर्चाला ना क्रेन लागते ना फीत.

माहेरघराच्या जेवणाची देयकं माझ्याही टेबलावर यायची. रक्कम किरकोळ असायची, पण स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाचा ठराव नाही, पावतीवर तारीख नाही, अंगठ्याला साक्षीदार नाही, अशा कारणांनी आम्ही ती आक्षेप लावून परत पाठवायचो. एक देयक तीनदा परत गेलेलं मला आठवतं. तिन्ही वेळा आक्षेपाखाली सही माझी होती. नियमाने मी बरोबर होतो. त्या बचत गटाच्या बायकांनी पुढच्या हंगामात स्वयंपाक करायला नकार दिला, हे मला खूप उशिरा कळलं. ज्या व्यवस्थेत लाखांचं यंत्र एका रात्रीत पास होतं आणि चार हजारांचं जेवण तीनदा परत जातं, तिला आणखी पैसा दिला तर ती आणखी यंत्रं घेईल. जेवण परतच जाईल.

म्हणून विकास मंडळं पुन्हा आलीच पाहिजेत, पण जुन्या तक्त्यांसह नकोत. डिसेंबरमध्ये नागपूरला अधिवेशन भरतं, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, पुरवणी मागण्या मंजूर होतात, ‘विदर्भाला इतके हजार कोटी’ असा मथळा येतो. त्याऐवजी सरकारने एक पुस्तिका सभागृहात ठेवावी. त्यात तालुका हा घटक असावा. दरडोई सरकारी आरोग्यखर्च, तोही तरतुदीचा नको, प्रत्यक्ष झालेला. त्यातला मार्चमध्ये झालेला किती, हा वेगळा रकाना. मंजूर पदं आणि ३१ डिसेंबरला हजर असलेली माणसं. सर्पदंशाची लस, रक्तदाबाची गोळी, लोहाची गोळी वर्षात किती दिवस नव्हती. सिझेरियन होऊ शकणाऱ्या सर्वांत जवळच्या ठिकाणी पावसाळ्यात पोचायला किती वेळ लागतो. आणि त्या तालुक्यातले किती रुग्ण नागपूरला पाठवावे लागले. ही सगळी माहिती सरकारकडे कुठे ना कुठे आहे. बीम्स प्रणालीत खर्च दिसतो, सेवार्थमध्ये पगार दिसतो, १०८ च्या गाड्यांची नोंद असते. एकत्र कुणी मांडत नाही.

राज्यपालांच्या निर्देशांत रकमेबरोबर हे रकाने आले, तर मुंबईशी भांडताना आमचं बोलणं वजनदार होईल. पण त्याच पुस्तिकेत विदर्भाच्या आतली दरीही छापली जाईल, आणि तिथे नागपूर शहर वरच्या ओळीत असेल. तेव्हा इथल्या आमदारांना सभागृहात उभं राहून सांगावं लागेल की आमच्या रुग्णालयाचा पुढचा मजला दोन वर्षं थांबवा आणि तो पैसा भामरागड, एटापल्ली, धारणी, चिखलदऱ्यातल्या डॉक्टरांच्या घरांना, भत्त्यांना, मुलांच्या शाळेला द्या. हे सांगणारा आमदार कुठल्या पक्षाचा आहे हे मी पाहणार नाही, माझं मत त्याला.